खाडा

ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरात, नाणी टाकून कपडे धुण्याचं एक दुकान आणि एक नेल सलून यांच्या मध्ये कॉमिक्सचं एक दुकान आहे. तिथे काउंटरच्या मागे, माझ्या नावाच्या कप्प्यात, १६ आठवडे अंक साठत होते. मला ते ठाऊक होतं. मी ते आणायला गेलो नाही आणि येणार नाही असं कळवलंही नाही. १७ अंक होते, सगळे मिळून ७५ डॉलरच्या आसपास.

कायद्याने यात काही चूक नाही. मी कुठे सही केली नव्हती, कुणाचे पैसे बुडवले नव्हते. जगात रोज याहून किती तरी मोठी फसवणूक होते आणि ती करणारे शांत झोपतात. तरीही हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. मी त्या दुकानदाराचं काही देणं लागत होतो का? लागत असेन, तर नेमकं काय?

उत्तर शोधायचं तर आधी तिथे पोचलो कसा ते सांगायला हवं.

*

मी जानेवारी २०२३ मध्ये पुण्याहून कोलंबसला आलो. कंपनीने पाठवलं होतं. गाडी नव्हती, ओळखीचं कुणी नव्हतं, आणि संध्याकाळी पाचलाच अंधार पडायचा. घरापासून चालत बारा मिनिटांवर तीन गोष्टी होत्या: एक किराणा दुकान, कपडे धुण्याचं ते दुकान आणि त्याला लागून हे कॉमिक्सचं. मशिनमध्ये कपडे टाकले की चाळीस मिनिटं मोकळी मिळायची. एका रविवारी त्या चाळीस मिनिटांत मी शेजारचं दार ढकललं.

मी काही कॉमिक्सचा वाचक नव्हतो. लहानपणी सांगलीत चांदोबा, ठकठक, चाचा चौधरी यांवर वाढलो. मिरज जंक्शनवर गाडीला उशीर असला की बाबा स्टॉलवरून एखादा अंक घेऊन द्यायचे. मग दहावी, सीईटी, इंजिनिअरिंग. बॅटमॅन, स्पायडरमॅन मला माहीत होते ते सिनेमातून. त्यामुळे आत शिरल्यावर वाटलं होतं की चेहरे तरी ओळखीचे असतील.

चेहरे ओळखीचे होते. बाकी काहीच नाही. एका अख्ख्या भिंतीवर त्या आठवड्याचे नवे अंक, पाटीवर मांडलेल्या भाजीसारखे. मधल्या टेबलांवर लांबलचक पांढरी पुठ्ठ्याची खोकी, त्यांत शेकडो जुने अंक उभे रचलेले. प्रत्येक अंक प्लॅस्टिकच्या पिशवीत, मागे आधाराला पांढरा पुठ्ठा. मी बॅटमॅनचा पहिला अंक शोधायला गेलो. बॅटमॅनचा १ नंबरचा अंक १९४० साली निघाला होता. मग २०११ मध्ये पुन्हा १ नंबर निघाला. मग २०१६ मध्ये पुन्हा. एकाच अंकाची तीन-चार वेगवेगळी मुखपृष्ठं, आत मजकूर तोच. मी व्हर्जन नंबर पाहून पोट भरणारा माणूस, आणि मला कुठून सुरू करायचं हेच कळेना.

दुकानात आणखी चौघं होती. ती एकमेकांशी अशा गोष्टींबद्दल बोलत होती की मला वाटलं, आता यातलं कुणी वळून मला काही विचारेल आणि मी नापास होईन. नवख्या माणसाची भीती मला वाटतं सगळीकडे हीच असते. पैसे कमी पडतील ही नव्हे, आपल्याला इथलं काही येत नाही हे उघडं पडेल ही. दहा मिनिटं घालवून मी काही न घेता बाहेर पडलो आणि उरलेला अर्धा तास फिरणारे कपडे बघत बसलो.

पुढच्या रविवारी पुन्हा गेलो, कारण कपडे पुन्हा मळले होते. यावेळी काउंटरवरचा माणूस आपणहून बोलला. साठीच्या पुढचा, जाड भिंगाचा चष्मा. मी म्हटलं, मला कुठून सुरुवात करायची कळत नाही. त्याने यादी काढली नाही, सुपरहिरोंचं नाव घेतलं नाही. एवढंच विचारलं, "लहानपणी काय वाचायचास?"

मी त्याला मोडक्यातोडक्या इंग्रजीत चांदोबातला विक्रम-वेताळ सांगितला. एक राजा स्मशानातून प्रेत खांद्यावर टाकून निघतो. प्रेतातला वेताळ त्याला गोष्ट सांगतो आणि शेवटी प्रश्न विचारतो. उत्तर माहीत असून राजा गप्प राहिला तर त्याच्या डोक्याची शकलं होतील, आणि बोलला तर वेताळ पुन्हा झाडावर जाऊन लटकेल. 'शंकर' म्हणून ओळखले जाणारे चित्रकार के. सी. शिवशंकरन यांनी काढलेलं ते चित्र मी हातवारे करून दाखवलं: हातात तलवार, खांद्यावर प्रेत, मागे झाडं.

तो उठला, आतल्या कपाटापाशी गेला आणि एक पुस्तक घेऊन आला. माइक मिग्नोलाचं हेलबॉय. त्यातली 'द कॉर्प्स' नावाची गोष्ट त्याने काढून दिली. आयर्लंडमध्ये एक तान्हं मूल यक्षांसारख्या अदृश्य लोकांनी पळवलंय. ते परत हवं असेल तर हेलबॉयने उजाडायच्या आत एक प्रेत नीट पुरून यायचं. ते प्रेत त्याच्या पाठीवर बसतं आणि बोलतं. मिग्नोलाने ही गोष्ट एका आयरिश लोककथेवरून घेतली आहे. १९९० च्या दशकातलं काम. मी उभ्या उभ्या वाचली. कपड्यांचं मशिन कधीच थांबलं होतं.

हे मला कुठल्याही वेबसाइटने सुचवलं नसतं. त्या वेबसाइटना माझ्याबद्दल खूप माहिती असते, पण मिरजेच्या स्टॉलवर बाबांनी काय घेऊन दिलं होतं हे त्यांनी कधी विचारलेलं नाही.

*

सहा महिन्यांनी त्याने मला एक फॉर्म दिला. फॉर्म कसला, पोस्टकार्डाएवढा कागद. त्याला तिथे 'पुल लिस्ट' म्हणतात. आपल्याला कोणत्या मालिका हव्यात ते लिहून द्यायचं. नवे अंक बुधवारी येतात. दुकानदार आपले अंक आधीच बाजूला काढून आपल्या कप्प्यात ठेवतो, आपण सवडीने जाऊन घ्यायचे. अनामत नाही, कार्डाचा नंबर नाही. माझा कप्पा ११८ नंबरचा. तो आकडा तो प्रत्येक अंकामागच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने लिहायचा.

पहिल्यांदा स्वतःचा कप्पा मिळाला तेव्हा जे वाटलं ते सांगायला जरा संकोच वाटतो. परक्या गावात कुणीतरी आपल्यासाठी काहीतरी बाजूला काढून ठेवतंय, एवढंच. पण मला त्या हिवाळ्यात त्याची गरज होती. बुधवारी दुकानात गेलो की तो वर न बघता मागे हात घालायचा आणि माझा गठ्ठा काउंटरवर ठेवायचा. पहिल्या दिवशी ज्यांना मी घाबरलो होतो त्यांच्याशी पुढे मीही तसंच बोलायला लागलो. कदाचित एखादा नवखा मला घाबरून बाहेर गेलाही असेल.

मग २०२४ चा शरद ऋतू आला. आमच्या ऑफिसात कपात सुरू झाली. टीममधली अर्धी माणसं एका शुक्रवारी गेली. व्हिसावर असलेल्या माणसाची नोकरी गेली तर दुसरी शोधायला साठ दिवस मिळतात, नाहीतर सामान आवरायचं. माझी गेली नाही, पण त्या साठ दिवसांचा हिशोब मी रोज करत होतो. एका रात्री बसून मी सगळे किरकोळ खर्च बंद केले. सिनेमांची दोन ॲप, गाण्यांचं एक, जिमचं सदस्यत्व. सगळं मिळून अकरा मिनिटं लागली. प्रत्येक ठिकाणी 'तुम्ही जाताय याचं वाईट वाटतं' असं लिहून यायचं आणि मी बटण दाबायचो.

दुकानासाठी बटण नव्हतं. तिथे जाऊन एका माणसाच्या तोंडावर सांगायला हवं होतं की मला आता परवडत नाही. ते मी पुढच्या बुधवारवर ढकललं. मग त्याच्या पुढच्या. दोन बुधवार चुकल्यावर जायची लाज वाटायला लागली, आणि सहा चुकल्यावर त्या रस्त्याने जायची. कपडे धुवायला मी दुसरं दुकान शोधलं, बसने जावं लागायचं असं. नोव्हेंबरमध्ये त्याचा फोन आला. मी उचलला नाही. त्याने निरोप ठेवला होता: अंक ठेवलेत, घाई नाही.

ते 'घाई नाही' मी दोनदा ऐकलं आणि निरोप पुसून टाकला.

*

जानेवारी २०२५ मध्ये आईशी व्हिडिओ कॉलवर बोलताना विषय निघाला. माझ्या मागच्या फळीवर अंकांचा गठ्ठा दिसत होता. ती म्हणाली, "ते तुझं बुधवारचं दुकान कसं आहे?" मी टाळाटाळ केली, मग सांगून टाकलं. तिला पुल लिस्ट समजावून सांगायला लागलो तर तिने मध्येच तोडलं.

"म्हणजे रतीब."

मी म्हटलं, हो, तसंच.

"मग खाडा सांगितला नाहीस?"

ज्यांच्या घरी दूध पिशवीतून किंवा ॲपवरून येतं त्यांच्यासाठी सांगतो. रतीब म्हणजे रोजचं ठरलेलं दूध. खाडा म्हणजे ज्या दिवशी घेतलं नाही तो दिवस. सांगलीत आमच्याकडे गवळी एम-एटीवरून यायचा, म्हशीचं दीड लिटर. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर आई खाडे मांडून ठेवायची आणि महिन्याच्या शेवटी ते वजा करून पैसे द्यायची. आम्ही गावाला जाणार असलो की बॅगा भरायच्या आधी तिचं एक काम ठरलेलं असायचं: आदल्या दिवशी गवळ्याला सांगणं. एकदा बाबा सांगायला विसरले. आम्ही परत आलो तेव्हा शेजारच्या काकू म्हणाल्या, तो दोन दिवस दारात भांडं धरून उभा होता. आईने त्या दोन दिवसांचे पैसे दिले. बाबा म्हणाले, घेतलंच नाही त्याचे कशाला? तेव्हा ती जे म्हणाली तेच तिने मला परवा पुन्हा ऐकवलं.

"अरे, तो म्हशीला काय सांगणार?"

*

या वाक्याचा अर्थ मला पुढच्याच आठवड्यात अचानक कळला. अमेरिकेत कॉमिक्स दुकानांपर्यंत पोचवणारी 'डायमंड' ही मोठी वितरण कंपनी त्याच महिन्यात दिवाळखोरीत गेली. कित्येक वर्षं जवळजवळ सगळ्या दुकानांचा माल तिच्याकडूनच यायचा. ती बातमी वाचता वाचता मला या धंद्याची घडी पहिल्यांदा समजली. दोन वर्षं मी तिथे जात होतो आणि हे कधी विचारलं नव्हतं.

पूर्वी तिकडे कॉमिक्स वर्तमानपत्रांच्या स्टॉलवर, औषधांच्या दुकानांत विकली जायची. न खपलेल्या अंकांचं मुखपृष्ठ फाडून परत पाठवलं की पैसे वळते व्हायचे. म्हणजे नुकसान प्रकाशकाचं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रुकलिनमधले एक शिक्षक, फिल सूलिंग, प्रकाशकांकडे वेगळाच सौदा घेऊन गेले. आम्हाला सूट जास्त द्या, माल थेट द्या, आणि आम्ही न खपलेलं काहीही परत करणार नाही. यातून कॉमिक्सची स्वतंत्र दुकानं उभी राहिली. आजही ती मुख्यतः याच पायावर चालतात. शेजारच्या पुस्तकांच्या दुकानाला न खपलेली कादंबरी बहुधा परत पाठवता येते. कॉमिक्सवाल्याचा अंक खपला नाही तर तो त्याचाच.

या सौद्याने बरंच काही घडवलं. परतीची भीती नसल्यामुळे लहान प्रकाशकांना, अगदी दोन मित्रांनासुद्धा, थोड्या प्रती छापून बाजारात उतरता यायला लागलं. निन्जा टर्टल्सचा पहिला अंक १९८४ साली दोन चित्रकारांनी स्वतःच छापला होता, तो याच दुकानांच्या जिवावर. पण याचा अर्थ असाही की प्रत्येक अंकाचा धोका शेवटी काउंटरमागच्या माणसाच्या अंगावर येतो. किती प्रती मागवायच्या हे त्याला अंक निघायच्या काही आठवडे आधी सांगावं लागतं. तेव्हा त्याच्या हातात एकच खात्रीची गोष्ट असते: कप्प्यांच्या मालकांनी दिलेले ते पोस्टकार्डाएवढे कागद.

म्हणजे मी लिहून दिलेली पाच नावं त्याच्या ऑर्डरमध्ये जात होती, तिथून वितरकाकडे, तिथून छापखान्यात. मी येत नव्हतो, तरी महिन्याला माझ्या नावाचे अंक छापले जात होते. म्हैस दूध देत होती.

*

आता माझ्या बाजूने जे बोलता येईल ते प्रामाणिकपणे मांडतो. ते मी स्वतःशी बऱ्याचदा मांडलं आहे.

पहिलं: करार कुठे होता? कबूल, नव्हता. पण गवळ्याशी तरी आमचा कुठला करार होता? जिथे सही, दंड, अनामत यांतलं काहीच नसतं तिथे सगळी व्यवस्था एकाच खांबावर उभी असते, बोललेल्या शब्दावर. खांब एकच आहे म्हणून तो कमी महत्त्वाचा ठरत नाही.

दुसरं: हा धंद्यातला धोकाच आहे. ऑफिसातल्या माझ्या मित्राचं हेच म्हणणं पडलं. दहा गिऱ्हाइकांतलं एक पळणार हे त्याने धरलेलंच असतं, तू उगाच मनाला लावून घेतोस. यावर मी बराच अडलो. मग मला वाटलं, धोका हा शब्द आपण दोन वेगळ्या गोष्टींना लावतो आहोत. एखादी मालिका लोकांना आवडेल की नाही, हे कुणालाच आधी माहीत नसतं. तो खरा धोका, आणि तो त्याने पत्करला आहे. पण मी येणार नाही ही गोष्ट अज्ञात नव्हती. ती मला पक्की माहीत होती, फक्त त्याला नव्हती. आम्ही कृष्णाकाठची माणसं. पाऊस किती पडेल हे कुणी सांगू शकत नाही, त्याबद्दल कुणाला दोषही देत नाही. पण धरणातून पाणी सोडायचं असेल तर ते सोडणाऱ्याला आधी माहीत असतं, म्हणून भोंगा वाजवायचा असतो. तुलना फार मोठी आहे, ७५ डॉलरला महापूर लावू नये. पण फरक तोच आहे. जे कुणालाच माहीत नाही तो धोका. एकाला माहीत आहे आणि त्याने सांगितलेलं नाही, त्याला दुसरं नाव हवं.

तिसरं: माझी खरंच अडचण होती. होती. आणि माझं ठाम मत आहे की ते अंक विकत घेणं मला बंधनकारक नव्हतं. 'स्थानिक दुकान जगवा' असं म्हणतात तेव्हा मला त्यात दानपेटीचा आवाज ऐकू येतो. दुकान म्हणजे देऊळ नव्हे. हवं ते घ्यावं, नको ते सोडावं, स्वस्त मिळालं तर दुसरीकडे जावं. परवडत नसताना मान राखायला खरेदी करणं हा मूर्खपणा आहे, आणि तो दुकानदारही मला करायला सांगणार नाही. पण माझ्या अडचणीने मला न घेण्याची मोकळीक दिली होती, न सांगण्याची नव्हे. एक ओळीचा मेसेज फुकट होता. तो मी पाठवला नाही, कारण त्यात 'परवडत नाही' हे लिहावं लागलं असतं. माझी दोन मिनिटांची लाज वाचवायला मी १७ अंकांचा भार दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवला. हिशोब असा मांडला की तो फार साधा दिसतो.

आणि एक गोष्ट मला माझ्या कामामुळे जास्त टोचली. आम्ही जे सर्व्हर चालवतो ते एकमेकांना दर काही सेकंदांनी 'मी आहे' एवढाच संदेश पाठवत असतात. तो आला नाही तर ठरावीक वेळ थांबून बाकीचे त्याला मेलेला धरतात आणि त्याचं काम वाटून घेतात. मी स्वतः ही मर्यादा तीस सेकंद ठेवलेली आहे. यंत्रांना आम्ही असं शिकवतो, कारण शांततेचा अर्थ लावता येत नाही. माणूस मात्र अर्थ लावतोच. दुकानदाराने पहिल्या आठवड्यात म्हटलं असेल, आजारी असेल. मग म्हटलं असेल, काम वाढलं असेल. माझ्या गप्प बसण्यात तो प्रत्येक वेळी माझ्याबद्दलचा चांगला ग्रह भरत गेला, आणि म्हणून पुढचा अंक मागवत गेला. त्याच्या जागी संशयी माणूस असता तर त्याने तिसऱ्या आठवड्यात कप्पा रिकामा केला असता आणि त्याचं नुकसान थोडक्यात आटोपलं असतं. न सांगणाऱ्याचा भुर्दंड सगळ्यांत जास्त पडतो तो विश्वास ठेवणाऱ्याला. इथे मला पहिल्यांदा खरंच वाईट वाटलं.

*

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी मी गेलो. काय बोलायचं ते पाठ करून गेलो होतो. मला बघून तो म्हणाला, "अरे! मला वाटलं तू भारतात परत गेलास." त्याच्या आवाजात राग नव्हता, सुटल्यासारखं होतं. मी पाठ केलेलं विसरलो आणि खरं ते सांगितलं. कपात, साठ दिवस, लाज, पुसलेला निरोप.

त्याने मागे हात घातला आणि गठ्ठा काउंटरवर ठेवला. सगळ्यांत वर 'ॲब्सोल्यूट बॅटमॅन'चा पहिला अंक होता. ही मालिका ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली आणि तिचा पहिला अंक हातोहात संपला, पुन्हा पुन्हा छापावा लागला. मी ऑगस्टमध्येच तिला नाव लावून ठेवलं होतं. तीन-चार जण विचारून गेले, तो म्हणाला, पण हा तुझा होता. म्हणजे जे अंक खपणार नव्हते ते तर माझ्यामुळे अडकलेच, शिवाय जो लगेच खपला असता तोही त्याने माझ्या नावावर धरून ठेवला. मी दिलेला शब्द मीच विसरलो होतो आणि तो त्याच्याकडे जपून होता.

मी म्हटलं, सगळे घेतो. खरं तर मला ते १७ अंक नको होते, मला मोकळं व्हायचं होतं. त्याला ते कळलं असावं. त्याने विचारलं, "सगळे वाचणार आहेस?" मी नाही म्हटलं. "मग वाचणार असशील तेवढे ने." मी नऊ घेतले. उरलेले आठ त्याने शांतपणे रॅकवर मांडायला बाजूला ठेवले. मग म्हणाला, "मला आकडा अंक निघायच्या तीनेक आठवडे आधीपर्यंत बदलता येतो. तेवढ्यात सांगत जा. नको म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाचा मला काही त्रास नसतो."

आईनेही याहून वेगळं काही सांगितलं नव्हतं. फक्त तिने म्हैस मध्ये आणली होती.

त्या आठांचं पुढे काय झालं हे मला कळलं नसतं तर बरं झालं असतं. एप्रिलमध्ये मी दाराजवळच्या एक डॉलरच्या खोक्यात हात घातला. जे कुठेच खपत नाही ते शेवटी तिथे येतं. चाळता चाळता एका पुठ्ठ्याच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलेलं दिसलं: ११८. छापील किंमत ३.९९ डॉलर. मी तो विकत घ्यायला काढला, आणि परत ठेवला. एक डॉलर देऊन मी स्वतःलाच बरं वाटवून घेतलं असतं. तो तिथेच राहिला तर कुणीतरी नवखा, ज्याला कुठून सुरू करायचं कळत नाही, तो निदान एक डॉलर लावून बघेल.

*

तर, माझं उत्तर. मी त्या दुकानदाराची निष्ठा लागत नव्हतो, खरेदीही लागत नव्हतो. मी त्याला वेळेवर 'नको' म्हणणं लागत होतो. हे देणं फार लहान दिसतं म्हणून आपण ते बुडवतो. आणि ते बुडवण्याची सवय आपल्याला चांगलीच लागली आहे, कारण आपले बहुतेक व्यवहार आता अशा ठिकाणी होतात जिथे पलीकडे कुणी भांडं धरून उभं नसतं. बटण दाबलं की विषय संपतो. मग जिथे माणूस आहे तिथेही आपण बटण शोधतो, आणि ते सापडलं नाही की नाहीसे होतो. घर बघून आल्यावर मालकाला कळवत नाही. नोकरी नको असली तरी मुलाखत घेणाऱ्याला कळवत नाही. जिच्याशी तीन महिने बोललो तिलाही कळवत नाही. आणि प्रत्येक वेळी म्हणतो, मी तर काहीच केलं नाही.

वेताळाची अट लहानपणी मला अन्यायाची वाटायची. बोललं तरी पंचाईत, न बोललं तरी पंचाईत. आता पाहिलं तर त्यात एक गोष्ट स्पष्ट आहे. उत्तर माहीत नसेल तर गप्प राहायला हरकत नव्हती. डोकं फुटणार होतं ते माहीत असून गप्प बसणाऱ्याचं. बोलल्यावर प्रेत पुन्हा झाडावर जायचं, राजाला पुन्हा पायपीट करावी लागायची. त्रास होताच. पण तो त्रास त्याचा स्वतःचा होता, त्याने तो दुसऱ्याच्या खांद्यावर टाकला नाही.

माझी नोकरी आजवर टिकून आहे. यादीत आता पाचाऐवजी दोनच मालिका आहेत. त्याच्या नंबरवर मी महिन्याच्या सुरुवातीला मेसेज करतो: हे चालू, हे बंद. त्याचं उत्तर बहुधा एक अंगठा असतो. गेल्या खेपेला मी सांगलीला तीन आठवडे जाणार होतो. बॅग भरायच्या आधी त्याला कळवलं की तीन बुधवार येणार नाही, अंक ठेव, चौथ्या बुधवारी नेतो. त्याने लिहिलं, सांगितलंस ते बरं केलंस.

खाडा या शब्दाला इंग्रजीत काय म्हणतात हे मी त्याला अजून सांगू शकलेलो नाही. पण तो मांडून ठेवायची पद्धत आता आमच्या दोघांत आहे.